सात-बाऱ्यावर नाव, आखाड्यावर मुक्काम

(भोकर येथे तालुक्यातल्या स्त्री-गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याचा बाज शक्य तेवढा तसाच ठेवला आहे.)



तुमच्यातल्या पुष्कळजणी आज शेतातली कामं टाकून आल्या आहात. कुणाची वेचणी चालू आहे, कुणाची तूर आडवी पडली आहे. त्यामुळे लांबण न लावता बोलते. मला विषय दिला आहे, ‘शहर सोडून शेतावर राहायला येताना’. विषय ऐकून एकीनं विचारलं, “यात काय भाषण करायचं? आम्ही जन्मापासून शेतावरच हावोत की!” बरोबर आहे तिचं. बाई शेतावर राहते, शेतात राबते, यात नवल काहीच नाही. बाई स्वतःच्या शेतावर, स्वतःच्या नावानं राहते याचं मात्र गावाला अजून नवल वाटतं. ते नवल कशाचं, तेवढंच आज आपण बघू.

माझी ओळख थोडक्यात सांगते. भोकर तालुक्यातलं एक लहान गाव हे माझं माहेर. १९८४ साली लग्न होऊन पुण्याला गेले. १९९१ पासून नवरा वेगळा, मी वेगळी. एका मुलीला घेऊन शाळेत नोकरी केली, २०२० साली निवृत्त झाले, आणि २०२१ च्या मृगात वडिलांच्या शेतावर, आपल्याकडे ज्याला आखाडा म्हणतात तिथं, कायमची राहायला आले. दोन खोल्यांचं जुनं माळवदाचं घर, एक विहीर, पाच एकर रान. त्यातलं साडेतीन एकर काळं, दीड एकर मुरमाड.

‘निवृत्तीनंतर गावाकडं जाऊन राहायचं’ हे पुरुषानं म्हटलं की लोक म्हणतात, वा, मातीची ओढ आहे. बाईनं म्हटलं की विचारतात, कुणाच्या मातीची? नवरा असेल तर नवऱ्याच्या. नसेल तर? भावाच्या दारात किती दिवस राहणार? म्हणजे प्रश्न राहण्याचा नसतोच, उताऱ्याचा असतो. म्हणून आधी कागदाचं बोलते. कंटाळवाणं वाटेल, पण आपल्याला लुबाडलं जातं ते याच कंटाळ्यापायी.

पाच एकर कुठून आलं?

आमची जमीन आजोबांची. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता तेव्हाची. १९५४ च्या खासरा पत्रकात आजोबांचं नाव आहे. पंधरा एकर. पुढं ती वडिलांच्या नावावर आली. वडील १९९८ साली वारले, आई त्यांच्या आधीच गेली होती. मागं आम्ही तिघं: दोन भाऊ आणि मी. वारसाचा फेरफार झाला तेव्हा नावं लागली दोघांचीच. कागदावर शेरा होता, ‘बहिणीने हक्क तोंडी सोडला आहे.’ मला कुणी विचारलं नव्हतं, नोटीस आली नव्हती. आणि स्थावर मिळकतीतला हक्क असा तोंडी सुटत नसतो. हक्कसोडपत्र करायचं तर ते नोंदणी कचेरीत नोंदवावं लागतं, सही करणारीनं तिथं समक्ष जावं लागतं. तुमच्या गावात आज जाऊन जुने फेरफार काढलेत तर असे ‘तोंडी’ शेरे सापडतील. बाईचं तोंड बाकी कुठंच चालत नाही, फक्त हक्क सोडायला चालतं!

आता कायदा बघा. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलगा जन्मानंच वाटेकरी असतो. मुलगी नव्हती. महाराष्ट्रात १९९४ साली दुरुस्ती झाली आणि मुलगीही जन्मानं वाटेकरी झाली. पण ज्यांची लग्नं त्याआधी झाली होती त्यांना वगळलं. म्हणजे माझ्यासारख्या १९८४ ला उजवलेल्या बाहेर. मग २००५ साली दिल्लीत केंद्राचा कायदा बदलला. ९ सप्टेंबर २००५ पासून विवाहित-अविवाहित असा भेद राहिला नाही. तरीही एक खोच उरली. त्या दिवशी वडील हयात नसतील तर काय? काही निकाल असे आले, काही तसे. शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट सांगितलं, की मुलीचा हक्क तिच्या जन्मातून येतो, वडील २००५ साली हयात असण्याची अट नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप किंवा विक्री झाली असेल तर ते उकरता येत नाही. आणि ‘आमची तोंडी वाटणी झाली होती’ एवढं नुसतं म्हणून भागत नाही, त्याला पक्का सरकारी कागद लागतो.

यानं फरक किती पडला, हे माझ्याच जमिनीवर मोजून दाखवते. जुन्या हिशेबानं वडील आणि दोन भाऊ असे तीन वाटे, प्रत्येकी पाच एकर. वडिलांच्या पाच एकरात आम्ही तिघं. म्हणजे मला आलं असतं एक एकर सव्वीस-सत्तावीस गुंठे. आताच्या कायद्यानं पंधरा एकरात आम्ही तिघं सारखे. मला पाच एकर. भावाला तेव्हा पावणेसात एकराच्या आसपास जात होतं, आता पाच. भावाचं प्रेम आटतं म्हणतात ना, ते एवढ्याच पावणेदोन एकरात आटतं!

तुमच्यातली जी बहीण म्हणते, ‘आमच्यात वाटणीचा प्रश्नच नाही, माझे भाऊ देव आहेत’, तिला मी एवढंच सांगते, देवालाही हिशेब समजू द्या. हिशेब समजल्यावर तू खुशीनं सोडलंस तर ती तुझी खुशी. न समजता सोडलंस तर ती फसवणूक.

माहेर तुटतं म्हणजे काय तुटतं?

वाटा मागणाऱ्या बाईला सगळ्यात आधी हेच ऐकवलं जातं. ‘माहेर तुटेल.’ माझ्या धाकट्या भावानं तसंच म्हटलं. नातेवाइकांची बैठक बसली. चुलते म्हणाले, तुला पेन्शन आहे, तुला कशाला माती पाहिजे? भावाला नोकरी असती तर त्याला कुणी म्हणालं असतं का, की तुला पगार आहे, तू वाटा सोड? पुरुषाचा हक्क गरजेवर मोजत नाहीत, बाईचा मात्र गरजेवर मोजतात, आणि मग ती गरज खोटी ठरवतात.

बैठकीत बाजू पलटली ती माझ्या बोलण्यानं नाही. माझी मोठी भावजय चहा घेऊन आली होती. पदर डोक्यावर, नजर खाली. ती उभ्या उभ्या म्हणाली, “वन्संला देऊन टाका. उद्या माझ्या पोरीला तिच्या भावापुढं हात पसरावा लागायचा नाही.” एवढंच. पुन्हा आत गेली. मोठा भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, करा कागद.

नणंद-भावजयीचं भांडण आपल्या ओव्यांत आहे, नाटकात आहे, मालिकांत तर रोजच आहे. पण हे भांडण कुणाच्या सोयीचं आहे ते बघा. नणंदेचा वाटा भावजयीच्या नवऱ्याकडं राहतो, भावजयीच्या नावावर येत नाही. आणि भावजयीचा तिच्या माहेरचा वाटा तिच्या भावाकडं राहतो. दोघीही भूमिहीनच. मग भांडतात कशासाठी? म्हणून आपल्या गटात ही गोष्ट मांडायची असेल तर नणंदेला एकटीला सांगू नका, भावजयीला शेजारी बसवून सांगा.

कागद आम्ही सहमतीनं केला. सगळ्या खातेदारांची संमती असली तर महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडं वाटप करून घेता येतं. कोर्टात वर्षानुवर्षं जावं लागत नाही. संमती नसेल तर मात्र दिवाणी दावा लावावा लागतो. मोठा भाऊ बोलतो, धाकट्यानं दोन वर्षं बोलणं टाकलं होतं, आता सणावाराला येतो. तुटलं ते माहेर नाही. तुटला तो आमचा जुना करार, की बहिणीनं दिवाळीला एक साडी घ्यायची आणि शेताबद्दल काही विचारायचं नाही.

दगड, वाट आणि पाणी

वाटा मिळाला तरी कोणता वाटा, हे बघायचं असतं. बहिणीला द्यायचं म्हणजे मुरमाड, टोकाचं, नाल्याकडचं, जिथं बैलगाडी जात नाही असं द्यायचं, ही सर्रास चाल आहे. वाटणीच्या कागदावर सही करण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या, माझ्याकडं त्या तिन्ही लिहिलेल्या आहेत म्हणून मी आज टिकून आहे.

पहिली, वाट. माझ्या रानाला जायला दोन जणांच्या धुऱ्यावरून जावं लागतं. पहिल्याच पावसाळ्यात एका शेजाऱ्यानं काट्या टाकल्या. ‘बाईमाणसाला पायवाट पुरे,’ म्हणाला. खताची गोणी डोक्यावर नेऊ का? महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली शेताच्या हद्दीवरून वाट मागता येते, आणि असलेली वाट कुणी अडवली तर मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याखाली तहसीलदाराकडं जाता येतं. मी अर्ज केला. पाहणीला माणसं आली तेव्हा गावातल्या अकरा बाया माझ्याबरोबर धुऱ्यावर उभ्या होत्या. काट्या निघाल्या. अर्जानं निघाल्या की अकरा बायांमुळं, ते तुम्हीच ठरवा.

दुसरी, विहीर. विहीर कुणाच्या वाट्यात, कुणाचा किती दिवसांचा पाणपाळा, मोटारीची वीज कुणाच्या नावावर, हे कागदावर पाहिजे. ‘घरचंच पाणी आहे, कवाबी घे’ हे उन्हाळ्यापर्यंतच खरं असतं.

तिसरी, घर. जमिनीची वाटणी होते आणि राहतं घर विसरलं जातं. २००५ च्या आधी तर कायद्यातच कलम होतं, की राहत्या घराची वाटणी मुलगी मागू शकत नाही. ते कलम गेलं, सवय गेली नाही. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ काढून बघा. शेतात घर असेल तर ते कुणाच्या गटात येतं ते मोजणीत बघा.

आणखी एक. आपल्या राज्यात शेतकरी असल्याशिवाय सहसा शेतजमीन विकत घेता येत नाही. आपल्या मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा कूळ कायदा आहे, त्यातही हेच बंधन आहे. म्हणजे ज्या बहिणीनं हक्क सोडला, तिनं नुसती माती सोडली नाही, पुढं कधी पैसा आला तर चार गुंठे घेण्यासाठी लागणारा शेतकरी असल्याचा पुरावाही हातानं सोडला. हे सही घेताना कुणी सांगत नाही.

रात्र आणि साप

आता राहण्याबद्दल बोलते. सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो, “माय, एकटी रानात भीती नाही वाटत?” वाटते. सापाची वाटते, रानडुकराची वाटते. पावसाळ्यात दोन दोन दिवस वीज नसते. माळवद गळतं, दर वर्षी पांढरी माती टाकावी लागते, आता ती टाकणारी माणसं मिळत नाहीत म्हणून एका खोलीवर पत्रे घातले. आजारी पडलं तर भोकर गाठायचं, तिथं भागलं नाही तर नांदेड.

पण आपण नीट आठवून बघू. बाईला रात्रीची भीती गावात कमी असते का? माझ्याकडं गटाच्या ज्या बाया येतात त्यांतल्या किती जणी मार घरातच खातात? घराला चार भिंती आहेत म्हणून ते सुरक्षित, आणि रान मोकळं म्हणून धोक्याचं, हे आपल्याला कुणी शिकवलं? मी एकटी राहते याचा खरा त्रास रात्री होत नाही, दिवसा होतो. कृषी केंद्रात गेले की विचारतात, “मालक आले नाहीत?” नांगरटीचा ट्रॅक्टर ठरवायला गेले की “भावाला पाठवा, बोलू.” औत धरणारा मला न विचारता धाकट्या भावाला विचारून तास पाडतो. पेरणीत तर आणखी मजा. सरकी टोबायची बायांनी, खुरपायचं बायांनी, वेचायचं बायांनी; तिफणीच्या चाड्यावर मूठ मात्र पुरुषाची. का? तर पिढीजात. दुसऱ्या वर्षी मी आणि तांड्यावरच्या एका बाईनं आळीपाळीनं मूठ धरली. हरभरा उगवला. सगळ्यांच्या रानात उगवतो तसाच उगवला, ना जास्त ना कमी.

लातूर, धाराशिवकडं आणि आमच्या नांदेडच्या दक्षिण भागात वेळा अमावस्या करतात, येळवस. त्या दिवशी सगळं घर रानात जातं. कडब्याची कोप करतात, पाच पांडव मांडतात, लक्ष्मीची पूजा होते, आंबील पितात. मला हा सण फार आवडतो. पण वर्षातला एक दिवस लक्ष्मी रानात, आणि उरलेले दिवस लक्ष्मीचं नाव उताऱ्यात नाही, हे कसं चालेल?

लक्ष्मीवरून आठवलं ते सांगते

हा प्रश्न महाराष्ट्रात आजच निघालेला नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. लाखांनी बाया आल्या होत्या. त्यातून पुढं शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम दिला. ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा तुकडा स्वखुशीनं बायकोच्या नावावर करतील, त्या गावात ते स्वतः जाणार. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरपासून अशी कितीतरी गावं पुढं आली. १९९२ साली शासनानंही परिपत्रक काढून बायकोचं नाव सात-बाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. ती सोय अजून आहे, पण आपण वापरतो किती?

लक्ष्मीमुक्ती मला मोठी वाटते आणि तिची मर्यादाही दिसते. मोठी यासाठी, की शेतकऱ्यानं शेतमालाला भाव मागताना, घरातल्या बाईचं देणं आपल्याकडं थकलं आहे, हे चारचौघांत कबूल केलं. मर्यादा अशी, की ती नवऱ्याची देणगी होती. देणाऱ्याचं मन मोठं म्हणून मिळालं. मन लहान झालं तर? आणि ज्या बाईला नवराच नाही, टाकलेली, विधवा, बिनलग्नाची, तिनं कुणाच्या मनाकडं बघायचं? म्हणून बायकोचं नाव हवंच, पण मुलीचा हक्क त्याहून आधी. ती देणगी नाही.

आणि नाव लागलं तरी पुढं ताबा आहे, ताब्यापुढं निर्णय आहे. नाव बाईचं, पेरणी दिराची, पट्टी सासऱ्याच्या खिशात, अशी पुष्कळ शेतं आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांत बाया शंभरात चौदाच्या आसपास निघाल्या. त्या चौदांतल्याही किती जणी कोणतं बी पेरायचं ते ठरवतात, हे गणना विचारत नाही. मी शेतावर राहायला आले ते हौसेनं तर आलेच, पण हेही कारण होतं. मी पुण्यात राहिले असते तर माझं शेत ठोक्यानं कुणाला तरी गेलं असतं, वर्षाला एक रक्कम आली असती, आणि दहा वर्षांनी गावानं म्हटलं असतं, ते शेत अमक्याचं.

नावाचा उपयोग काय, ते पहिल्याच वर्षी दिसलं. २०२१ च्या सप्टेंबरच्या शेवटी तो मोठा पाऊस झाला. सोयाबीन काढणीला आलेलं, शेंगेतच कोंब फुटले. माझं दोन एकर गेलं. त्याच वर्षी ई-पीक पाहणी आली होती, फोनवर स्वतःच्या पिकाचा फोटो टाकायचा. मी टाकला होता. नुकसानीचं अनुदान आलं ते माझ्या खात्यावर. शेजारची बाई माझ्याहून दुप्पट राबते. नवरा वारला, जमीन अजून सासऱ्याच्या नावावर. तिच्या रानातलं सोयाबीन तसंच सडलं, पैसे सासऱ्याच्या खात्यावर गेले. सडलं तिचं, भरपाई दुसऱ्याला.

आत्महत्या झालेल्या घरांत हे अधिक क्रूर होतं. महिला किसान अधिकार मंचानं २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा ५०५ बायांशी बोलून पाहणी केली. दहांतल्या चौघींना त्या कसत असलेल्या जमिनीवर अजून हक्क मिळाला नव्हता. कर्ज मात्र दारात आलं होतं. आणि बाईनंच जीव दिला तर? उताऱ्यावर नाव नाही म्हणून ती शेतकरी नाही, शेतकऱ्याची बायको. मेल्यावरसुद्धा! आता तर शेतकरी ओळख क्रमांक काढला आहे, तोही सात-बाऱ्याला जोडलेला. ज्या बाईचं नाव उताऱ्यात नाही ती यापुढं कॉम्प्युटरलाही दिसणार नाही.

माझ्या रानात राबणाऱ्या

आता जरा अवघड बोलते. मी जमिनीची मालकीण झाले म्हणजे मी मजूर लावणारीही झाले. वेचणीला, खुरपणीला बाया येतात, बहुतेक तांड्यावरच्या आणि बौद्ध वस्तीतल्या. आमच्या गावात गड्याची हजेरी बाईच्या जवळजवळ दुप्पट. मी खुरपणीची हजेरी वाढवली तेव्हा गावातले शेतकरी आखाड्यावर आले. म्हणाले, “बाई, तुमची पेन्शन आहे, आमचं काय? तुम्ही भाव बिघडवू लालाव.” त्यांचं सगळं खोटं नव्हतं. कोरडवाहू कापसात, सोयाबीनमध्ये उरत नाही हे मीही माझ्या वहीत बघते. पण शेतीचा तोटा कायम बाईच्या हजेरीतून भरून काढायचा, हा हिशेब मला मान्य नाही. मी वाढवलेली हजेरी कमी केली नाही. पेरा बदलला. दोन एकर कापसाचं एक एकर केलं, ज्वारी, तूर, मूग, भाजीपाला वाढवला, म्हणजे विकतचं बी आणि औषध कमी झालं. लातूर-धाराशिवकडं स्वयं शिक्षण प्रयोगाच्या बायांनी घरच्या जमिनीतला एक एकर मागून घेऊन तिथं खायची पिकं घेतली, ते काम तुमच्यातल्या काहीजणींनी बघितलंच आहे. त्याची दखल २०१७ साली बाहेरच्या जगानंही घेतली. आपल्या घरात सगळी जमीन मिळत नसेल तर निदान एक एकराचा निर्णय मागा. सुरुवात तिथून होते.

पण माझ्या रानात येणाऱ्या बाईच्या नवऱ्याकडंही सात-बारा नाही, भावाकडंही नाही. तिला मी ‘माहेरचा वाटा माग’ म्हणून काय सांगणार? आपल्या मराठवाड्यात भूमिहीनांचा लढा जुना आहे. १९५३ साली इथं जमिनीचा सत्याग्रह झाला, पुढं १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर झाला, त्यात बायाही मुलं कडेवर घेऊन तुरुंगात गेल्या. १९९१ साली शासनानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. किती नावं लागली, आणि त्यांत बायांची किती, हे गावागावांत जाऊन बघण्यासारखं आहे. दादासाहेबांच्याच नावानं शासनाची योजना आहे: भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत, विधवा आणि परित्यक्तांना आधी. विकायला जमीनच मिळत नाही म्हणून ती रखडते. आपल्या चळवळीनं वारसाची बाई आणि भूमिहीन बाई असे दोन वेगळे मेळावे घेऊ नयेत. एकीला भावानं नाकारलं, दुसरीला गावानं. एकीचा प्रश्न सुटला म्हणून ती दुसरीच्या विरोधात मालकीण होऊन उभी राहिली, तर आपण काय मिळवलं?

करायचं काय?

प्रत्येकीनं शहर सोडून रानात राहायला जावं, असं मी म्हणत नाही. कुणाला जमेल, कुणाला नाही. पाय चालताहेत तोवर मी इथं आहे. पण आपल्या गटांना या वर्षात चार कामं करता येतील.

एक, गटातल्या प्रत्येकीनं माहेरचा आणि सासरचा सात-बारा आणि आठ-अ काढायचा. कॉम्प्युटरवर मिळतो, फार खर्च नाही. शेजारी बसून एकमेकींना वाचून दाखवायचा. नाव कुणाचं, इतर हक्कात काय, बोजा किती.

दोन, वारसाचा फेरफार धरला की आक्षेपाला पंधरा दिवस असतात. चावडीवरची नोटीस वाचायची पाळी लावा. गावात कुणी वारलं की दहाव्याला आपण भाकरी घेऊन जातोच, त्याबरोबर वारसात लेकींची आणि विधवेची नावं आली का, एवढं विचारा.

तीन, हक्कसोडपत्रावर कुणीही एकटीनं सही करायची नाही. आधी गटात येऊन सांगायचं. हिशेब मांडायचा, किती एकर, किती गुंठे. मग सोडायचं का ठेवायचं ते तिनं ठरवायचं, आपण नाही. ‘वाटणी केली तर तुकडा पडतो, कायद्यात बसत नाही’ असं सांगितलं तर विचारा, किती गुंठ्यांचा? २०२३ साली ही मर्यादा जिरायतीला वीस गुंठे, बागायतीला दहा गुंठे केली आहे.

चार, जिला वाटा मिळाला तिला एकटी पाडायचं नाही. वाट अडवली, मोटार बंद पाडली, पीक चारलं, असं झालं की तिच्या धुऱ्यावर जायचं. कागद तहसीलात मिळतो, पण ताबा शेजारपाजारच्या बाया उभ्या राहिल्यानं टिकतो.

माझी मुलगी पुण्यात असते. तिला मी सांगून ठेवलं आहे, या पाच एकरात तू वारस आहेस, पण माझ्या मागं हे शेत कसायला जी बाई इथं राहील तिची सोय आधी लाव. तिनं विचारलं, “तसं कागदावर करता येतं?” त्याची माहिती काढायला आम्ही दोघी या महिन्यात वकिलाकडं जाणार आहोत. तुमच्यापैकी कुणाला हाच प्रश्न असेल तर बरोबर चला.

तूर काढायला येताय ना? आखाड्यावर भाकरी माझ्याकडं.